सहा दिवसांसाठी वाळ्पिरी वस्तीत जाऊ का?

प्रश्न असा आहे: मेलबर्नमध्ये गणित शिकवणाऱ्या, मूळच्या साताऱ्याकडच्या एका शिक्षिकेची शाळा यंदा काही शिक्षकांना सहा दिवस मध्य ऑस्ट्रेलियातल्या अॅलिस स्प्रिंग्जच्या वायव्येकडच्या एका दुर्गम अॅबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या, वस्तीत राहायला पाठवते आहे. बाई विचारतात, ‘हे खरंच शिकणं आहे की शाळेच्या पैशाने सहल? सहा दिवसांत काय कळणार? आणि मी भारतीय बाई, माझं तिथे काय काम?’

वाळ्पिरी हा त्या भागातला एक अॅबोरिजिनल समाज. मी अॅलिसकडून निघणाऱ्या तनामी रस्त्यावरच्या एका वाळ्पिरी वस्तीत नऊ वर्षं शिकवलं. शहरातून येणाऱ्या शिक्षकांच्या गटांबरोबरही बरेचदा गेले आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जा, नक्की जा. पण तुमच्या शिकण्याचा खर्च त्या वस्तीतली माणसं उचलतात, हे मनात पक्कं ठेवून जा. विमानाच्या तिकिटाबद्दल मी बोलत नाही. तिथे बाहेरून आलेले शिक्षक वर्ष-दोन वर्षांत निघून जातात. जागेवर राहतात त्या स्थानिक सहायक शिक्षिका, कुणी वीस वर्षं, कुणी तीस. दर नव्या शिक्षकाला त्याच सांगतात की कोणाचं मूल कोणाकडे राहतं, कोणाच्या घरी मयत झालंय, कोणाला कोणाशेजारी बसवायचं नाही. तो शिक्षक जरा शहाणा होतो न होतो तोच बदली घेतो, आणि दुसऱ्यापुढे त्यांचा पुन्हा श्रीगणेशा. त्यात सहा दिवसांचे पाहुणे गट. माझ्या वर्गातल्या सहायक बाई एका गटाला निरोप दिल्यावर नुसत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी एकच गोष्ट सहाव्यांदा सांगितली होती, तीही त्यांच्या तिसऱ्या भाषेत.

म्हणून आयोजकांना आधी विचारा की बोलावलंय कोणी. वस्तीतल्या वडीलधाऱ्यांनी आणि शाळेतल्या वाळ्पिरी शिक्षिकांनी बोलावलं असेल तर उत्तम. एखाद्या कंपनीने परस्पर पॅकेज ठरवलं असेल तर जाऊ नका. शिकवणाऱ्या आजीबाईंना मानधन किती आणि कधी मिळणार, तेही विचारा. ‘त्यांना आवडतं सांगायला’ हे उत्तर मी बऱ्याचदा ऐकलंय. ते चालणार नाही. मेलबर्नमध्ये तज्ज्ञ व्याख्यात्याला तुम्ही पाकीट देता, इथेही द्या. आणि पुढच्या वर्षी याच वस्तीत जाणार का, हेही विचारून घ्या. दरवर्षी नवी जागा ‘दाखवणारी’ शाळा दरवर्षी नव्या माणसांना पहिल्यापासून सांगायला लावते.

आणखी एक बघा. तुम्ही तुमच्या व्हिक्टोरिया राज्याच्या जुलैच्या सुट्टीत जाणार असाल तर बरेच दिवस तिथली शाळाही बंद असेल. वर्ग बघायला मिळणार नाही, निम्मी वस्ती बाहेर गेलेली असेल. शाळेला सत्र चालू असताना रजा द्यायला सांगा.

ऑस्ट्रेलियातल्या शिक्षकांच्या राष्ट्रीय मानकांत 1.4 आणि 2.4 ही दोन कलमं अॅबोरिजिनल विद्यार्थी, इतिहास आणि भाषांबद्दल आहेत. शाळा अशा सहली बहुधा त्यासाठीच काढतात. त्यात गैर काही नाही, पण नुसते तास भरायला आलेला गट वस्तीला पहिल्याच संध्याकाळी ओळखू येतो.

आता सहा दिवसांत काय कळतं ते सांगते. नाती कळू लागतात. वाळ्पिरी समाजात आठ नावं आहेत, इंग्रजीत त्यांना स्किन नेम म्हणतात. प्रत्येक माणसाला त्यातलं एक असतं, आणि कोण कोणाचं काय लागतं ते त्यावरून ठरतं. बाईचं नाव ‘न’ने सुरू होतं, पुरुषाचं ‘ज’ने. नापुरुळा आणि जुपुरुळा हे बहीण-भाऊ. तुम्ही काही दिवस राहिलात, जीव लावलात, तर कोणीतरी तुम्हाला एक नाव देईल. मला माझ्या सहायक बाईंनी नापुरुळा केलं, म्हणजे त्यांची बहीण. त्या क्षणापासून त्यांची मुलं माझी मुलं झाली. वर्गातला एक नऊ वर्षांचा दांडगट मुलगा मला आई म्हणायला लागला आणि माझ्याकडे हक्काने सँडविच मागायला लागला.

आपल्याला हे पटकन उमगतं. इंग्रजीत सगळे ‘कझिन’. आपल्याकडे चुलतभाऊ वेगळा, मामेभाऊ वेगळा, आणि मामाच्या मुलीशी लग्न चालतं पण काकाच्या मुलीशी नाही, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. वाळ्पिरी व्यवस्थेचं मर्मही त्याच फरकात आहे. आईची बहीण तिथे आईच असते, बापाचा भाऊ बापच. माझ्याबरोबरचे गोरे सहकारी तक्ते काढून थकायचे, आणि मी मनात मावशी-आत्या-मामा मांडून मोकळी व्हायचे.

तुम्ही गणिताच्या, म्हणून हे मुद्दाम सांगते. नापुरुळाची मुलगी नापाङाडी, नात नाङाला, पणती नापल्जारी, आणि खापरपणती पुन्हा नापुरुळा. आईकडून चार पिढ्यांत चक्र पुरं होतं. बापाकडून दोनच पिढ्यांत: जुपुरुळाचा मुलगा जाकामारा, त्याचा मुलगा पुन्हा जुपुरुळा. कागदावर मांडून पाहा. चौरस फिरवून आणि उलटवून ज्या आठ सममिती मिळतात, त्यांचीच ही रचना आहे. गटसिद्धांतात आपण तिला आठ घटकांचा डायहेड्रल गट म्हणतो. वस्तीतली आठ वर्षांची पोरगी हे हिशेब चालता चालता करते. आणि तीच पोरगी शाळेच्या गणिताच्या चाचणीत मागे पडली की तिला अमूर्त विचार जमत नाही असा शेरा मारणारे शिक्षक मी पाहिले आहेत. फार वाईट वाटतं.

नाव मिळालं की मर्यादाही येतात, आणि तिथे माझी मोठी चूक झाली. शाळेची ट्रूपी, म्हणजे मागे समोरासमोर बाकं असलेली लँड क्रूझर, मुलांना घेऊन निघाली होती. मी सवयीने पुढचं दार उघडून ड्रायव्हरशेजारी बसले आणि ‘कसं काय’ म्हणून बोलायला लागले. तो गडी एकदम गप्प झाला. मान खिडकीकडे वळवली, किल्ली तशीच ठेवली आणि उतरून झाडाखाली जाऊन उभा राहिला. मागे मुलं खुसखुसायला लागली. मला वाटलं, रागावला. माझ्या बहिणीने, म्हणजे सहायक बाईंनी, धावत येऊन मला दंडाला धरून खाली उतरवलं. तो जाम्पिजिन्पा होता. नापुरुळाच्या मुलीचा नवरा जाम्पिजिन्पा असतो, म्हणजे माझा जावई. सासू-जावयाने एकमेकांशी बोलायचं नाही, समोरासमोर बसायचं नाही, शक्यतो नजरही द्यायची नाही. आपण जावयाला पाटावर बसवून ओवाळतो, ते लोक मान देण्यासाठी लांब राहतात. मान दोन्हीकडे तोच. पण त्या माणसाला सगळ्या पोरांसमोर मी किती अवघडवलं, याची लाज मला आजही वाटते. नंतर वर्षानुवर्षं आम्ही एकाच शाळेत काम केलं, एकमेकांशी एकही शब्द न बोलता, आणि आमचं उत्तम जमलं. त्याला काही सांगायचं असलं की तो मोठ्याने भिंतीला सांगायचा.

मयत झाली की दिवंगताचं नाव घेत नाहीत. तेच नाव असलेल्या जिवंत माणसालाही मग ‘कुमंजाई’ म्हणतात, आणि त्या नावासारखा ऐकू येणारा रोजचा शब्दसुद्धा काही काळ टाळतात. फोटो झाकतात. माझ्या आजोबांचं नाव विठ्ठल, म्हणून आजी जन्मभर पंढरपूरच्या देवाला ‘माऊली’च म्हणत आली. तेव्हा मला हा नियम शिकवावा लागला नाही. पण हजेरीपटावरचं नाव वाचताना जीभ घसरते, म्हणून रोज सकाळी वर्गात जाण्याआधी स्थानिक शिक्षिकेला विचारायची सवय मी लावून घेतली. वस्तीत दुखवटा असेल तर त्याला तिथे ‘सॉरी बिझनेस’ म्हणतात. त्या काळात तुमची सहल आयत्या वेळी रद्द होईल. झाली तर तिकिटाच्या पैशांवरून कुरकुर करू नका. मानधन मात्र ठरल्याप्रमाणे पाठवा.

भाषेबद्दल मी तासन्‌तास बोलू शकते. मी ‘वाळ्पिरी’ असं ‘ळ’ घालून लिहिते, कारण रोमन लिपीत ते आर-एल लिहितात तो आपला ळच आहे. इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला तो जन्मात जमत नाही. तुमची जीभ साताऱ्याची आहे, तिला तो आयता येतो. वाळ्पिरीत अनुनासिकं पाच आहेत: ङ, ञ, ण, न, म. शाळेत आपण जो ‘ङ’ नुसता घोकला आणि कधी वापरला नाही, तो तिथे शब्दाच्या सुरुवातीला येतो. पाण्याला ‘ङापा’ म्हणतात. आगीला ‘वाळु’ म्हणतात, हे ऐकून मी पहिल्या दिवशी पायाखालच्या वाळूकडे बघत राहिले. पहिल्या दिवशी तुम्ही त्यांची पाच नावं नीट उच्चारलीत की आजीबाया खुदकन हसतील, आणि तुमच्या पुढ्यात चहा येईल. स्वतः अनुभवलंय.

याचा शिकवण्याशी थेट संबंध आहे. वाळ्पिरीत स्वर अ, इ, उ एवढेच, ऱ्हस्व आणि दीर्घ. क आणि ग, प आणि ब यांत भेद नाही. मूल इंग्रजी ‘बिग’च्या जागी ‘पिग’ लिहितं, कारण त्याच्या भाषेला तो फरक लागतच नाही. त्यातून दुर्गम वस्त्यांतल्या मुलांमध्ये मध्यकर्णाच्या संसर्गाचं प्रमाण फार मोठं आहे. कान वाहतात, कमी ऐकू येतं. फळ्याकडे तोंड करून बोलणारा शिक्षक त्यांच्या दृष्टीने मुकाच. दिशाही बघा. डावं-उजवं यापेक्षा मुलं पूर्व-पश्चिम-उत्तर-दक्षिण बोलतात, अगदी ‘जरा उत्तरेला सरक’ असं बाकावरसुद्धा. भूमिती शिकवताना हे सोन्यासारखं आहे. संख्यांचे मूळ शब्द मात्र थोडे: जिन्ता म्हणजे एक, जिरामा दोन, माण्कुर्पा तीन, पुढे पानु म्हणजे पुष्कळ. मोठ्या संख्या इंग्रजीतून घेतल्या. यावरून कोणी अनुमानं काढायला लागलं तर वरचं आठ नावांचं गणित पुढ्यात ठेवा.

आणि गप्प बसायला शिका. मी प्रश्न विचारायचे, मूल बोलायचं नाही, मी पुढच्या मुलाकडे वळायचे. तिसऱ्या महिन्यात बहिणीने सांगितलं, ‘त्याने उत्तर दिलं होतं. तू हाताकडे बघितलं नाहीस.’ वाळ्पिरी लोकांची हातांची एक पुरी भाषा आहे. दुखवट्यात विधवा महिनोन्‌महिने तोंडाने बोलत नाहीत, हातांनी सगळं बोलतात, आणि पोरंही ती भाषा सहज वापरतात. मी तीन महिने उत्तरं ऐकतच नव्हते. डेली नदीकाठच्या मिरियम-रोझ अंगुनमर-बाउमन या नॉर्दर्न टेरिटरीतल्या, म्हणजे ही वस्ती ज्या प्रांतात येते तिथल्या, पहिल्या पात्रताधारक अॅबोरिजिनल शिक्षिका, 2021 च्या सीनियर ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर. त्यांच्या भाषेत ‘दादिरी’ असा शब्द आहे, मन लावून, शांतपणे ऐकत राहणं. तो हल्ली प्रत्येक प्रशिक्षणाच्या स्लाइडवर असतो. तो स्लाइडवरून येत नाही, अशा एखाद्या फजितीनंतर जरासा येतो.

सहलीतला सर्वांत चांगला दिवस रानातला असेल. आजीबाया ट्रूपीत पहारी, फावडी, पीठ आणि चहाचा डबा टाकून तुम्हाला मल्गाच्या झाडांखाली नेतील, मधमुंग्या काढायला. मल्गा म्हणजे तिथलं बाभळीच्या कुळातलं झाड. मुंगीचं बारीकसं बीळ त्या चालता चालता हेरतात. मग तांबड्या मातीत पहार घालून माणूसभर खड्डा खणतात, अर्धा तास, तास. खाली आडव्या पोकळीत छताला मुंग्या लटकलेल्या, पोट मण्यासारखं फुगलेलं, आत मध. डोकं चिमटीत धरायचं आणि पोट ओठांत दाबायचं. गोड, किंचित आंबट. शाकाहारी असाल तर नम्रपणे नाही म्हणा, कोणी रागवत नाही. पण पहार हातात घ्या आणि खणा. खणताना आजीबाई ज्या गोष्टी सांगतात, त्या वर्गात विचारून कोणी सांगत नाही. कोणता डोंगर कोणाचा, कोणत्या झऱ्याला कोणत्या पूर्वजाने जन्म दिला, तिथे जायला कोणाला विचारावं लागतं. या सगळ्याला मिळून ते ‘कंट्री’ म्हणतात. त्या शब्दाला मराठीत ‘देश’ म्हटलं की अर्थ निसटतो. आपली गावशीव आणि कुलदैवत एकत्र केलं तर त्याच्या जरा जवळ जाता येतं. तुम्हालाही ते पदवी विचारणार नाहीत. गाव कुठलं, माणसं कोण, हे विचारतील. घरच्यांचे, गावच्या डोंगराचे फोटो बरोबर ठेवा. माझा सह्याद्रीचा पावसाळ्यातला फोटो वर्गाच्या भिंतीवर शेवटपर्यंत होता.

इतिहास वाचून जा, तिथे जाऊन विचारू नका. 1928 मध्ये याच मुलखात कॉनिस्टनचं हत्याकांड झालं. एका गोऱ्या माणसाच्या खुनानंतर पोलिसाच्या नेतृत्वाखालच्या तुकड्यांनी आठवडेच्या आठवडे लोक मारले. सरकारी आकडा 31, लोकांच्या स्मरणातला कितीतरी मोठा. तुम्हाला चहा देणाऱ्या आजीबाईंचे आईवडील त्यातून पळून वाचलेले असू शकतात. युएंडुमू ही वाळ्पिरी वस्ती 1946 मध्ये शिधावाटपाचं ठाणं म्हणून वसली. 1974 पासून तिथल्या शाळेत वाळ्पिरीतून शिकवू लागले. 2008 मध्ये टेरिटरी सरकारने रोजचे पहिले चार तास इंग्रजीतच शिकवा असा हुकूम काढला. मातृभाषेतून शिक्षण म्हणजे काय हे ज्यांना कळतं, त्यांनी त्या शिक्षिकांच्या जिवाचं काय झालं असेल याचा विचार करावा. त्यांनी चिकाटीने भाषा टिकवली. वाळ्पिरी शाळांच्या शिक्षिका ‘वाळ्पिरी ट्रँगल’ नावाने एकत्र जमून स्वतःच अभ्यासक्रम घडवत आल्या आहेत. त्यांना शिकवायला आपण जात नाही आहोत.

तुमचा तिसरा प्रश्न, भारतीय असण्याचा. अॅबोरिजिनल माणसांसाठी तिथला शब्द ‘यापा’, इतरांसाठी ‘काडिया’. रंग सावळा असला तरी आपण काडियाच. ‘आम्हीही इंग्रजांचे गुलाम होतो’ हे वाक्य मी सुरुवातीला फार अभिमानाने म्हणायचे. एका आजीबाईंनी शांतपणे विचारलं, ‘मग ते तुमच्या देशातून गेले का?’ गेले, म्हटलं. त्या गप्प राहिल्या. त्यानंतर मी ते वाक्य कधी उच्चारलं नाही. आपण त्याच सरकारच्या व्हिसावर या जमिनीवर आलो आहोत. एक गंमतीचा धागा मात्र आहे, थेट नसला तरी. उत्तरेला आर्नहेम लँडमध्ये योल्ङु लोक गोऱ्यांना ‘बलांडा’ म्हणतात. समुद्री काकडी गोळा करायला येणाऱ्या, इंडोनेशियातल्या मकासारच्या खलाशांकडून आलेला हा शब्द हॉलंडवरून निघाला. बखरींतला आपला ‘वलंदेज’ही तिथूनच आला.

तयारीचं थोडक्यात. 1976 च्या जमीन हक्क कायद्याखालची ही जमीन अॅबोरिजिनल मालकांची आहे, तेव्हा त्या मालकांच्या वतीने काम पाहणाऱ्या सेंट्रल लँड कौन्सिलचा परवाना आयोजकांनी काढलाय ना, स्वतः बघा. मुलांबरोबर काम करायचं तर टेरिटरीचं ऑकर कार्ड लागतं, तुमच्या गटाला ते हवं का ते विचारा. दारू बंद, अगदी बॅगेतही नको. गुडघ्याखाली जाणारा सैल स्कर्ट किंवा सलवार-कमीज उत्तम, आजीबायांना आवडतं. जुलैत दिवसा ऊन छान, पण रात्री पाणी गोठतं. जाड पांघरूण न्या. वस्तीतल्या दुकानात भाज्या महाग आणि मोजक्या, त्या संपवून येऊ नका. आपला शिधा अॅलिसहून भरा.

परत आल्यावर वर्गात अॅबोरिजिनल पद्धतीची ठिपक्यांची चित्रं काढायला लावू नका. ही माझी कळकळीची विनंती आहे. 1980 च्या दशकात युएंडुमूच्या वडीलधाऱ्या पुरुषांनी शाळेचे 30 दरवाजे आपल्या पूर्वजकथांच्या चित्रांनी रंगवले, पोरांनी विसरू नये म्हणून. ते दरवाजे आता अॅडलेडच्या संग्रहालयात आहेत. त्यातली प्रत्येक आकृती कुणाच्या तरी वारशाची आहे आणि ती काढायला परवानगी लागते. त्याऐवजी तुमची शाळा मेलबर्नकडच्या ज्या मूळ समाजाच्या, वुरुंजेरी किंवा बुनुरोंग, जमिनीवर उभी आहे, तिथल्या माणसांना रीतसर मानधन देऊन बोलवा. आणि गणिताच्या तासाला आठ नावांचा तक्ता मांडायचा असेल तर वस्तीतल्या शिक्षिकांना आधी फोन करून विचारा. त्या हो म्हणाल्या तर मुलांना सांगा की हे कोणाकडून शिकलात. फोटो काढले असतील तर छापून पोस्टाने पाठवा, पण त्यात कोणी वारलेलं नाही ना, एवढं पाकीट बंद करण्याआधी विचारा.

परवान्याला वेळ लागतो. तारीख ठरली असेल तर या आठवड्यातच आयोजकांना गाठा. आणि तुमच्याबरोबर येणाऱ्यांपैकी पुढच्या वर्षी परत कोण जाणार, ती दोन नावं आत्ताच पक्की करून ठेवा.